लोकरीचा गुलाब कोबीसारखा का होतो?

एका ताईंनी विचारलंय: गौरी-गणपतीसाठी लोकरीच्या फुलांचं तोरण करायला घेतलंय. व्हिडिओ बघून क्रोशाच्या सुईने गुलाब विणला, पण पाकळ्या आत वळल्या आणि त्याचा कोबी झाला. तांदळाची खळ लावून वाळवला, तरी लुळाच राहिला. लोकर कोणती घ्यावी, फुलं ताठ कशी राहतील, आणि शेजारच्या दोघी विकत मागताहेत तर किंमत काय सांगावी?

ताई, आधी तो गुलाब उलटा करून उजेडात धरा. उत्तर मागच्या बाजूला आहे. पुढून पाकळ्या दिसतात, मागून कोळ्याच्या जाळ्यासारख्या साखळीच्या कमानी दिसतील. बोटाने एक कमान हलकेच ओढून बघा. ती सैल असून थोडी हलली तर ठीक. तारेसारखी ताणलेली असेल तर तुमचा कोबी तिथेच झालाय. मागची कमान आखूड पडली की ती पुढच्या थराला मुठीत धरल्यासारखी आवळते, मग पाकळीला उघडायला जागाच उरत नाही. अशा फुलाला कितीही खळ लावा, ते उघडणार नाही.

मी तीस वर्षं क्रोशाचं काम करते आणि शिकवते. शिकायला येणाऱ्या दहाजणींपैकी आठजणींचा पहिला गुलाब असाच होतो. म्हणून हे नीट उलगडून सांगते.

टाक्यांची नावं घराघरांत थोडी वेगळी असतात, त्यामुळे मी कशाला काय म्हणते ते आधी सांगते. सुई टाक्यात घालून धागा ओढला, सुईवर दोन फास आले आणि ते एकदम काढले, तो मुका खांब. आधी सुईवर एक वेढा घेतला, मग धागा ओढला आणि तिन्ही फास एकदम काढले, तो अर्धा खांब. तसाच एक वेढा घेऊन फास दोन-दोन करून दोनदा काढले, तो खांब. हे तीन टाके आणि साखळी एवढ्यावर जवळजवळ सगळी फुलं होतात.

इथेच व्हिडिओंचा एक मोठा घोटाळा आहे. अमेरिकन पद्धतीत आपल्या मुक्या खांबाला सिंगल क्रोशे म्हणतात आणि खांबाला डबल क्रोशे. ब्रिटिश पद्धतीत मुका खांब हाच डबल क्रोशे आणि आपला खांब म्हणजे ट्रेबल. म्हणजे एकाच ‘डबल’ शब्दाचे दोन अर्थ, आणि दोन्हींच्या उंचीत दुपटीहून जास्त फरक. ब्रिटिश बाईंचा नमुना अमेरिकन समजून विणला तर मुक्या खांबाच्या जागी खांब येतात आणि सगळं माप बिघडतं. नमुन्यात ‘सिंगल क्रोशे’ हे शब्द कुठेही आले तर तो अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत ते नावच वापरत नाहीत. व्हिडिओ असेल तर शब्द सोडून द्या आणि बाईंच्या सुईवरचे फास मोजा.

आता तुमचा गुलाब. थरांवर थर येणाऱ्या या गुलाबाला आयरिश गुलाब म्हणतात आणि त्याचं मूळ खरोखरच आयर्लंडमध्ये आहे. १८४५ नंतर तिथे बटाट्याचं पीक कुजून मोठा दुष्काळ पडला, तेव्हा ख्रिस्ती मठांतल्या नन्सनी आणि काही सधन घरांतल्या बायकांनी गावातल्या मुलींना क्रोशाची लेस शिकवली, म्हणजे घरात चार पैसे येतील. मोनाहन परगण्यातलं क्लोनिस हे गाव या लेसबद्दल प्रसिद्ध आहे. तिथल्या बायका फुलं आणि पानं सुटी विणून ठेवायच्या आणि नंतर जाळीने एकमेकांना जोडायच्या. आपण तोरण करतो तेव्हा हीच रीत वापरतो. मला हा गुलाब विणताना त्या बायका आठवतात. हा नमुना पोटासाठी बसवलेला आहे, त्यात एकही टाका उगाच नाही.

त्याची कृती अशी. बोटाला धाग्याचे दोन वेढे घेऊन मॅजिक रिंग, म्हणजे टोक ओढलं की आवळणारं कडं, करा. एक वेढा पुरतो असं सांगतात, पण ॲक्रिलिक धागा निसरडा असतो, एका वेढ्याची रिंग काही महिन्यांत सुटून फुलाच्या मध्यभागी भोक पडतं. रिंगमध्ये एक मुका खांब, तीन साखळ्या, असं सहा वेळा, म्हणजे सहा कमानी. प्रत्येक कमानीत एक मुका खांब, एक अर्धा, तीन खांब, एक अर्धा, एक मुका. झाल्या सहा पाकळ्या. आता फूल पुढे झुकवा, मागून सुई घाला, आणि पहिल्या फेरीतल्या मुक्या खांबाच्या दांडीभोवती एक मुका खांब घ्या, मग पाच साखळ्या, मग पुढच्या दांडीभोवती. या पाच साखळ्यांच्या कमानीत तीनऐवजी पाच खांब, बाकी तसंच. तिसऱ्या थराला सात साखळ्या आणि सात खांब.

तीन, पाच, सात. प्रत्येक थराची कमान दोन साखळ्यांनी वाढते, कारण प्रत्येक थराला आधीच्या थराच्या बाहेरून वळसा घ्यायचा असतो. तुम्ही दुसऱ्या थराला बहुतेक तीन किंवा चारच साखळ्या घेतल्या असाव्यात, नाहीतर पाच घेतल्या पण फार घट्ट विणल्या. हात घट्ट असेल तर मागच्या कमानींपुरती अर्धा मिलिमीटर मोठी सुई घ्या आणि पाकळ्या परत लहान सुईने विणा. सुया बदलण्याचा कंटाळा येतो, पण दोन फुलांत सवय होते. घट्ट हाताला हाच एक इलाज मला कायम लागू पडलेला दिसलाय. ‘सैल विणा’ असं नुसतं सांगून कुणाचाही हात सैल होत नाही.

पाकळी आत वळेल की सपाट पडेल की झालरीसारखी होईल, हे तिच्या बाहेरच्या कडेची लांबी ठरवते. थाळीच्या कडेला दोरी लावल्याची कल्पना करा. दोरी आखूड असेल तर कड आत ओढली जाऊन थाळीची वाटी होते, फार लांब असेल तर लाटा येतात. क्रोशात ही दोरी म्हणजे टाक्यांची संख्या. मुक्या खांबांनी सपाट चकती हवी असेल तर दर फेरीला सहा टाके वाढवायचे, खांबांनी हवी असेल तर बारा. खांब उंच असतो, त्यामुळे एका फेरीत घेर जास्त वाढतो आणि जास्त टाके लागतात. एवढं डोक्यात बसलं की कुठलंही फूल नमुन्याशिवाय विणता येतं. वाटी होतेय, टाके वाढवा. झालर होतेय, कमी करा. गुलाबाच्या मधल्या पाकळ्या थोड्या वाटीसारख्या हव्यात, बाहेरच्या सपाट. झेंडूला उलट, झालरच हवी.

आता लोकर आणि खळ. तुम्ही घेतलेली लोकर बहुधा ॲक्रिलिकची आहे. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारे रंगीत गुंडे बहुतेक ॲक्रिलिकचेच असतात, मेंढीची लोकर वेगळी आणि महाग. ॲक्रिलिकचा तंतू पाणी फारसं पीत नाही, म्हणून तांदळाची खळ त्याच्या आत शिरत नाही, वरवर बसते आणि वाळली की पांढरे पापुद्रे होऊन झडते. सुती धागा खळ पितो, म्हणून जुन्या काळचे क्रोशाचे रुमाल आणि टीव्हीवरची आच्छादनं खळीने कडक होत. खळीचा उपाय बरोबरच आहे, फक्त तो सुतासाठी आहे.

ॲक्रिलिकसाठी दोन उपाय आहेत. एक म्हणजे पांढरा डिंक, आपला नेहमीचा फेविकॉल, तितक्याच पाण्यात कालवून पाकळीच्या मागच्या बाजूला ब्रशने पातळ लावायचा आणि फूल प्लॅस्टिकच्या कागदावर पाकळ्या हव्या तशा मांडून रात्रभर ठेवायचं. वाळल्यावर डिंक दिसत नाही, पण फूल हाताला थोडं कडक लागतं. डोक्यात माळायच्या किंवा बाळाच्या टोपीवरच्या फुलाला हे करू नका, तोरणाला चालतं. दुसरा उपाय वाफेचा. फूल जाड टॉवेलवर टाचण्यांनी ताणून लावा आणि वाफेची इस्त्री दोन बोटं वर धरून नुसती वाफ द्या. इस्त्री टेकवायची नाही, ॲक्रिलिक वितळतं आणि तो चकाकता डाग कधीच जात नाही. वाफेने त्या तंतूचा उसळण्याचा गुण मरतो आणि पाकळी आहे तशी पडून राहते. हा बदल कायमचा असतो, म्हणून आधी एका बिघडलेल्या फुलावर करून बघा. तुमचा पहिला गुलाब त्यासाठीच ठेवून द्या.

तरी सगळ्यात आधी सुई लहान करा. गुंड्यावरच्या कागदावर जी सुई लिहिलेली असते ती स्वेटर-शालीसाठी, कापड मऊ पडावं म्हणून. फुलाला त्याहून अर्धा ते एक मिलिमीटर लहान सुई घ्यायची. चार पदरी ॲक्रिलिकला मी पाकळ्यांसाठी तीन मिलिमीटरची वापरते. टाके दाट बसले की फूल स्वतःच्या जोरावर उभं राहतं, डिंकाची गरज निम्म्यावर येते. बारीक सुती धाग्याचं काम असेल तर एक लक्षात ठेवा. त्यात नंबर वाढला की धागा बारीक होतो. दहा नंबरचा धागा वीस नंबरपेक्षा जाड. दुकानात गोंधळ होतो तो इथेच.

तोरणासाठी ॲक्रिलिक की सूत? मी दारावरच्या तोरणाला ॲक्रिलिक घेते. रंग उठून दिसतात, वजन कमी, आणि पावसाळ्याच्या दमटपणाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. कोकणात तर सुती तोरण भाद्रपदात ओलसर होऊन खाली लोंबतं. शिवाय खळ लावलेल्या सुताला कसर आणि झुरळं लागतात. देव्हाऱ्यातल्या वस्त्राला, गजऱ्याला, गौरीच्या अंगावरच्या दागिन्यांसारख्या नाजूक कामाला मात्र सूतच शोभतं.

रंगाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ओळखीच्या घरच्या लग्नात रुखवतासाठी मी पांढऱ्या मोगऱ्यात लाल जास्वंदी गुंफलेली परडी केली होती, सगळी सुताची. आदल्या दिवशी खळ लावायला परडी पाण्यात बुडवली आणि लालचा रंग पांढऱ्यात उतरला. मोगरा गुलाबी झाला. रात्री दोनपर्यंत बसून पांढरी फुलं नव्याने विणली, आणि तरी सकाळी परडी अर्धीच भरली होती. वधूची आई काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मला आजही आठवतो. तेव्हापासून नवीन लाल, मरून किंवा गडद निळा धागा आणला की त्याचा वीतभर तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवते, सकाळी फडकं बघते. डाग पडला तर तो धागा पांढऱ्याशेजारी जात नाही. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असं सगळ्या सांगतात. मी करून पाहिलंय, आजकालच्या रंगांना त्याचा उपयोग होत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. गौरी-गणपतीच्या तोरणाला गुलाब का विणताय? गुलाब सुंदर आहे, पण व्हिडिओंत गुलाब आणि डेझी यांचीच गर्दी आहे म्हणून आपणही तेच विणतो. आपल्या दाराला झेंडू आणि आंब्याची पानं लागतात, गणपतीला जास्वंद लागते, केसांत मोगरा. ही फुलं अंगणात, नाहीतर बाजारात दहा पावलांवर आहेत. एक खरं फूल आणा आणि सुई हातात घ्यायच्या आधी ते मोडून बघा.

झेंडू मोडला तर त्यात पाकळ्या सापडत नाहीत. ज्याला आपण पाकळी म्हणतो ती उपटली की तिच्या खाली पुढे बी होणारी काळपट काडी निघते. म्हणजे तो प्रत्येक तुकडा एक स्वतंत्र फूल आहे, आणि झेंडू म्हणजे अशा शंभरेक फुलांचा गुच्छ एका हिरव्या पेल्यात बसवलेला. हे एकदा बघितलं की झेंडू कसा विणायचा ते आपोआप कळतं. कडेला पाकळ्या लावून चालणार नाही, मध्यापासून कडेपर्यंत प्रत्येक फेरीतून पाकळ्या उगवल्या पाहिजेत.

टाक्याच्या डोक्यावर वेणीसारखे दोन पदर दिसतात, एक आपल्याकडचा आणि एक मागचा. झेंडूची चकती फक्त मागच्या पदरात विणायची. रिंगमध्ये सहा मुके खांब. दुसऱ्या फेरीला प्रत्येकाच्या मागच्या पदरात दोन-दोन, बारा. तिसरीला एकात एक, पुढच्यात दोन, असे अठरा. चौथीला एक, एक, दोन, असे चोवीस. चकती सपाट झाली, आणि पुढच्या बाजूला पहिल्या तीन फेऱ्यांचे सहा, बारा आणि अठरा असे छत्तीस मोकळे पदर गोल-गोल उभे राहिलेले दिसतील. धागा न तोडता आधी चौथ्या फेरीची कड पुरी करा. इथे सरकता टाका लागतो: सुई टाक्यात घालून धागा ओढायचा आणि तो लगेच सुईवरच्या फासातूनही बाहेर काढायचा. एका टाक्यात सरकता टाका, दोन साखळ्या, त्याच टाक्यात दोन खांब, पुन्हा दोन साखळ्या, पुढच्या टाक्यात सरकता टाका. अशा बारा मोठ्या पाकळ्या होतील. मग धागा तोडून मध्यभागी नव्याने जोडा आणि प्रत्येक मोकळ्या पदरात सरकता टाका, तीन साखळ्या, त्याच पदरात सरकता टाका, असं मध्यापासून बाहेर गोल जात राहा. छत्तीस छोट्या पाकळ्या झाल्या की फूल हातात फुगून येतं. मध्यापासून अठराव्या-विसाव्या पाकळीपर्यंत ते ओबडधोबड वाटतं, तिथे बऱ्याच जणी उसवायला घेतात. उसवू नका, कडेपर्यंत जा.

रंग एकच घेऊ नका. खऱ्या झेंडूच्या ढिगात केशरीतही दोन-तीन छटा असतात. मी आतल्या छत्तीस पाकळ्यांना गडद केशरी आणि कडेला थोडा फिका घेते, आणि दर तीन केशरी फुलांमागे एक लिंबूपिवळं. दुरून बघणाऱ्याला तेवढ्याने बाजारातून आणलेल्या माळेचा भास होतो.

हे फूल तीन मिलिमीटरच्या सुईने साधारण साडेपाच सेंटिमीटर रुंद होतं आणि त्याला दोन ते तीन ग्रॅम लोकर लागते, म्हणजे पंचवीस ग्रॅमच्या गुंड्यात आठ ते बारा फुलं. तुमच्या हाताचं माप वेगळं येईल, एक फूल विणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून घ्या, म्हणजे अर्ध्यात रंग संपून वेगळ्या लॉटचा गुंडा आणायची वेळ येत नाही. लॉट बदलला की छटा बदलते.

आंब्याच्या पानाला वीस साखळ्या घाला. सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीपासून दोन मुके, दोन अर्धे, अकरा खांब, दोन अर्धे, एक मुका, आणि शेवटच्या साखळीत मुका, दोन साखळ्या, मुका. हे पानाचं टोक. आता साखळीच्या दुसऱ्या अंगाने उलट क्रमाने परत या: एक मुका, दोन अर्धे, अकरा खांब, दोन अर्धे, दोन मुके. आंब्याचं पान लांबट असतं, हे तुम्हाला रुंद वाटलं तर अकरा खांबांच्या जागी अकरा अर्धे घ्या. पिंपळासारखं रुंद पान तोरणात बघितलं की मला चुकल्यासारखं होतं. आणि हिरवा निवडताना पोपटी टाळा, तोरणाला लागणारं पान जून, गडद हिरवं असतं. कोवळं पान तर तांबूस असतं. एखादं तसं मधे घातलंत तर बघणारी थांबून बघेल.

जास्वंदीला पाच पाकळ्या, आणि त्या एकमेकींशेजारी नुसत्या लावलेल्या नसतात. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर असते आणि दुसरी दुसऱ्या शेजारणीच्या खाली, भोवऱ्यासारखी. म्हणून पाकळ्या सुट्या विणायच्या. दहा साखळ्या, दुसरीपासून एक मुका, एक अर्धा, सहा खांब, शेवटच्या साखळीत सात खांब, मग दुसऱ्या अंगाने सहा खांब, एक अर्धा, एक मुका. वरून एक फेरी मुक्या खांबांची, आणि टोकाच्या त्या सात खांबांवर प्रत्येकी दोन मुके, म्हणजे कडेला थोडी लहर येते. पाचही झाल्या की निमुळती टोकं मधे आणून एकीची उजवी कड दुसरीच्या डावीखाली सरकवत शिवायचं. पाचवी पहिलीच्या खाली गेलीच पाहिजे, तिथे चुकतं. मग मधला दांडा. पंधरा साखळ्या, त्यावर सरकत्या टाक्यांनी परत, आत बारीक तार. त्याच्या वरच्या निम्म्या भागात पिवळ्या धाग्याच्या सुईगाठी (सुईवर धाग्याचे वेढे घेऊन मारलेल्या गाठी), आणि अगदी टोकाला लाल धाग्याचे पाच ठिपके. खऱ्या फुलात ते पाच असतात, मोजून बघा. दांडा पाकळ्यांच्या बाहेर डोकावला पाहिजे. तो आखूड राहिला की जास्वंद ओळखू येत नाही.

मोगरा सगळ्यात सोपा. पांढऱ्या सुताच्या चार साखळ्या, सुईपासूनच्या चौथ्या साखळीत चार अपुरे खांब, म्हणजे प्रत्येकाचा शेवटचा फास सुईवर ठेवायचा, आणि पाच फास झाले की सगळे एकदम काढून एक साखळी घट्ट आवळायची. एक कळी झाली. लगेच पुन्हा चार साखळ्या, पुन्हा कळी. हातभर लांब झालं की घड्या घालून हिरव्या धाग्याने मधोमध बांधा. दुधासारखा पांढराशुभ्र धागा घेऊ नका, किंचित मळकट पांढरा घ्या. टपोरी कळी खालच्या अंगाला हिरवट असते, तिथे हिरव्या धाग्याचा एकच टाका दिला तरी पुरतो.

धाग्याची टोकं लपवायला आळस करू नका. प्रत्येक फुलाला वीतभर टोक सोडा आणि जाड सुईने ते मागच्या बाजूला तीन दिशांनी ओवा: एकदा पुढे, मग उलट, मग पुन्हा पुढे. एकाच दिशेने ओवलेलं टोक धुतल्यावर बाहेर येतं. डिंकाने चिकटवून टोक कापणाऱ्या बऱ्याच जणी बघितल्या, त्यांचं काम पुढच्या वर्षी सुटतं.

आता तुमच्या दाराचं गणित. तीन फुटी चौकटीला, म्हणजे नव्वदेक सेंटिमीटरला, अकरा झेंडू साडेपाचच्या हिशोबाने साठ सेंटिमीटर होतात. मधल्या दहा फटी तीन-तीन सेंटिमीटरच्या, प्रत्येक फटीतून एक पान खाली सोडायचं. फुलं दुहेरी साखळीच्या पट्टीवर शिवा, नुसत्या साखळीवर नको, ती वजनाने लांबते आणि मधे झोळ पडतो. दोन्ही टोकांना खिळ्यासाठी कडी.

किमतीचं विचारलंत, तर वेळ मांडून बघा. सवय झाल्यावर एका झेंडूला पंचवीस मिनिटं, पानाला बारा. अकरा फुलांची दोनशे पंचाहत्तर, दहा पानांची एकशे वीस, आणि टोकं लपवणं, पट्टी, शिवण यांना दीड तास. म्हणजे एक तोरण आठ तासांचं, बाईचा अख्खा कामाचा दिवस. लोकर सत्तर ग्रॅमच्या आत. लोकरीच्या किमतीची दुप्पट-तिप्पट करून भाव सांगायची जी पद्धत आहे तिने तुमच्या दिवसाचे पैसे बुडतात, कारण या कामात सामान स्वस्त आहे आणि हात महाग. तासाला किती घेतलेत तर तुम्हाला कमीपणा वाटणार नाही ते स्वतःशी ठरवा, त्याला आठाने गुणा, लोकर आणि डिंक त्यात घाला. समोरची ‘बाजारात तर स्वस्त मिळतं’ म्हणेल. तिला सांगा की स्वेटर यंत्रावर होतो, पण क्रोशाचा टाका आजही हातानेच घालावा लागतो. बाजारात स्वस्त दिसतं त्या प्रत्येक क्रोशाच्या फुलामागे कुणीतरी बाई कमी मजुरीवर बसलेली असते. आंध्रातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या नरसापूरच्या भागात बायका पिढ्यान्‌पिढ्या घरात बसून नगावर अशी लेस विणत आल्या आहेत. ती लेस परदेशी दुकानांत गेली, विणणारीच्या हातात फार थोडं पडलं. म्हणून शेजारणीला भाव सांगताना आवाज खाली करू नका. एवढं परवडत नसेल तर पाच फुलांचं छोटं तोरण सांगा, पण तासाचा भाव कमी करू नका.

विसर्जनानंतर तोरण झटकून रिठ्याच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, चोळू नका, टॉवेलात दाबून पाणी काढा आणि सावलीत आडवं वाळवा. टांगून वाळवलं तर ओल्या वजनाने पट्टी लांबते. डिंक लावलेला असेल तर धुण्याने तो थोडा जातो, दसऱ्याआधी पुन्हा एक हात द्या. गुंडाळताना फुलांमधे जुन्या साडीचे तुकडे घाला आणि कापडी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमधे दमट वास धरतो.

तुमचा तो पहिला गुलाब उसवायला जाऊ नका. मागच्या कमानी मोजून दुसरा विणा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. तरीही वळला तर मला फुलाची मागची बाजू दिसेल असा फोटो पाठवा, पुढची नको.